कोलोरॅडोतले गांजाचे दुकान आणि बाहेरून आलेले चौघे

डॅलसहून नाताळच्या सुट्टीत गाडीने डेन्व्हरला येणाऱ्या चौघांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एकजण एच-१बी व्हिसावर काम करणारा संगणक अभियंता आहे, त्याची पत्नी एच-४ वर, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर, आहे, तिसऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि चौथा अमेरिकेतच जन्मलेला, म्हणजे नागरिक आहे. कोलोरॅडोत गांजाची विक्री कायदेशीर आहे, तेव्हा परराज्यातल्या माणसाला त्या दुकानात प्रवेश मिळतो का, ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट दाखवला तर त्याची नोंद कुठे पोहोचते का, किती माल घेता येतो, उरलेला परत नेता येतो का, आणि उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांना नुसते दाखवायला तिथे नेले तर काही बिघडेल का, असे पाच प्रश्न त्यांनी एका दमात विचारले आहेत. मी डेन्व्हरमध्ये बरीच वर्षे फौजदारी आणि इमिग्रेशन अशी दोन्ही प्रकारची वकिली करतो. उत्तर देताना मी चौघांना एकत्र धरणार नाही, कारण कायदाच त्यांना एकत्र धरत नाही.

दुकानाच्या दारात फक्त वय विचारले जाते. एकवीस वर्षे पूर्ण असतील तर चौघेही आत जातील, चौघांनाही सारख्याच अगत्याने माल दाखवला जाईल आणि पावतीही सारखीच मिळेल. नागरिक मित्राच्या दृष्टीने ती एका साध्या खरेदीची पावती असेल. उरलेल्या तिघांच्या हातात मात्र ती केंद्रीय कायदा मोडल्याचा कागद ठरू शकते, आणि त्यांचे या देशातले वास्तव्य केंद्रीय कायद्यावरच अवलंबून आहे. म्हणून माझे मत आधीच स्पष्ट सांगतो: नागरिक मित्राने हवे तर जावे, नियम समजून घ्यावेत आणि तिथल्या तिथे संपवावे. बाकी तिघांनी या वाटेला जाऊ नये.

यामागचे कारण समजण्यासाठी राज्य आणि केंद्र यांच्यातली विसंगती लक्षात घ्यावी लागते. कोलोरॅडोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये राज्याच्या घटनेतील ६४ क्रमांकाची दुरुस्ती मंजूर केली आणि १ जानेवारी २०१४ रोजी पहिली दुकाने उघडली. त्यानंतर सुमारे दोन डझन राज्यांनी हाच मार्ग धरला. केंद्राचा १९७० चा नियंत्रित पदार्थांचा कायदा मात्र या कशानेही बदलला नाही. गोन्झालेस विरुद्ध रेच या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असे ठरवले की, राज्याच्या परवानगीने घरच्या घरी, स्वतःच्या औषधापुरता पिकवलेला गांजासुद्धा केंद्राच्या बंदीतून सुटत नाही. आज ही दुकाने उघडी आहेत ती केंद्र त्यांच्यावर खटले भरत नाही म्हणून. शेजारच्या नेब्रास्का आणि ओक्लाहोमा या राज्यांनी २०१४ मध्ये कोलोरॅडोलाच थेट सर्वोच्च न्यायालयात खेचण्याचा प्रयत्न केला होता. न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि विसंगती आहे तशीच राहिली.

अलीकडे बरेच पक्षकार मला सांगतात की, आता केंद्रही गांजाला खालच्या अनुसूचीत, म्हणजे नियंत्रित पदार्थांच्या कमी कडक वर्गात, टाकणार आहे, मग भीती कसली. पहिल्या अनुसूचीतून तिसऱ्या अनुसूचीत नेण्याचा प्रस्ताव न्याय विभागाने २०२४ मध्ये मांडला हे खरे आहे. परंतु इमिग्रेशन कायदा अनुसूचीचा क्रमांक विचारत नाही. पदार्थ नियंत्रितांच्या यादीत आहे की नाही एवढेच तो पाहतो. तिसऱ्या अनुसूचीतला पदार्थही नियंत्रितच असतो आणि दुकानातून हौसेखातर घेतलेला गांजा त्या बदलाने कायदेशीर होत नाही. तेव्हा अनुसूचीच्या बातम्या वाचून परदेशी नागरिकाने निर्धास्त होऊ नये.

आता खुद्द इमिग्रेशनकडे वळतो. नियंत्रित पदार्थाविषयीच्या कोणत्याही कायद्याखाली दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला या देशात प्रवेश नाकारता येतो, इतपत बहुतेकांना ठाऊक असते. त्याच कलमातला दुसरा भाग सहसा ठाऊक नसतो: दोषी ठरण्याचीही गरज नाही, त्या गुन्ह्याचे आवश्यक घटक आपण केल्याची कबुली दिली तरी तेवढेच पुरते. अटक नाही, खटला नाही, न्यायालय नाही. विमानतळावरच्या किंवा वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर दिलेले तोंडी उत्तर प्रवेश किंवा व्हिसा नाकारायला पुरते. अशी कबुली ग्राह्य धरण्यासाठी अधिकाऱ्याने गुन्ह्याची व्याख्या समजेल अशा भाषेत आधी सांगायला हवी आणि कबुली स्वेच्छेने दिलेली असायला हवी, असे इमिग्रेशन अपील मंडळाने १९५७ पासून ठरवून ठेवले आहे. त्या अटी वकिलाला नंतर अपिलात उपयोगी पडतात. रात्रीच्या विमानातून उतरून, दोन तास रांगेत उभे राहून, आतल्या खोलीत नेऊन बसवलेल्या माणसाला त्या आठवत नाहीत, आणि व्हिसा नाकारणाऱ्या वकिलातीच्या निर्णयावर तर दाद मागायला जागाही फारशी नसते.

हा प्रश्न विचारलाच जाणार नाही, असेही समजू नका. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात नियंत्रित पदार्थांविषयीचा कोणताही कायदा तुम्ही कधी मोडला आहे का, असा प्रश्न सरळ विचारलेला आहे. ग्रीन कार्डाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जांतही याच अर्थाचे प्रश्न आहेत. ‘कोलोरॅडोत कायदेशीर होते, म्हणून मी काहीच मोडले नाही’ हे उत्तर केंद्रीय कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. खोटे उत्तर देणे हा त्याहून वाईट मार्ग आहे, कारण महत्त्वाची माहिती लपवून व्हिसा किंवा प्रवेश मिळवण्याचा प्रयत्न हे स्वतंत्र कारण ठरते आणि त्याची बंदी आयुष्यभराची असते. म्हणजे खरे बोलावे तर एक कलम लागते आणि खोटे बोलावे तर दुसरे. या कात्रीत सापडलेल्या माणसाने उत्तर देण्याआधी वकिलाशी बोलू द्यावे अशी विनंती करावी एवढेच मी सांगू शकतो; त्यानेही त्या दिवसाचा प्रवेश किंवा व्हिसा हातचा जाऊ शकतो.

ग्रीन कार्डासाठीची वैद्यकीय तपासणी हे आणखी एक ठिकाण आहे. तिथे डॉक्टर आपल्या बाजूचा असतो अशा समजुतीने लोक मोकळेपणाने बोलतात. तपासणी करणारा डॉक्टर सरकारने नेमून दिलेल्या नियमांनुसार अहवाल लिहीत असतो. गांजाच्या गैरवापराचे निदान त्यात आले तर अर्ज नामंजूर होऊ शकतो आणि साधारण वर्षभर त्या पदार्थापासून दूर राहिल्याचे दाखवून पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. भारतीयांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाला आणखी एक वर्ष थांबायला सांगणे किती जड जाते हे मला सांगायला नको.

ग्रीन कार्डधारक मित्राला वाटत असेल की आपण किनाऱ्याला लागलो आहोत. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा असेल तर त्या कारणाने हद्दपारी होत नाही, ही सवलत कायद्यात खरोखर आहे. पण ती हद्दपारीच्या कलमापुरती आहे. हाच मित्र महिनाभर नाशिकला जाऊन परत आला की त्याला नव्याने प्रवेश मागणारा समजता येते, आणि प्रवेशाच्या कलमात ही सवलत आपोआप मिळत नाही. तिथे माफीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते. नागरिकत्वाच्या वेळी तर एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी धोरणच जाहीर केले की, राज्याच्या कायद्याने चालणारा गांजासुद्धा ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीला बाधा आणू शकतो. गांजाच्या व्यवसायात नोकरी करणाऱ्यालाही ते धोरण लागू आहे. अशा दुकानांचे हिशेब किंवा संगणकप्रणाली सांभाळण्याचे काम चालून आले आणि तुम्ही अजून नागरिक नसाल, तर ते स्वीकारण्याआधी सल्ला घ्या.

पासपोर्टच्या नोंदीविषयी विचारले आहे, त्याचे उत्तर बऱ्यापैकी दिलासादायक आहे, पण अपुरे आहे. कोलोरॅडोच्या घटनादुरुस्तीतच लिहिले आहे की, वय पटवण्यापलीकडे ग्राहकाची वैयक्तिक माहिती घेऊन ती नोंदवण्याची सक्ती दुकानावर करता येणार नाही. दारूच्या दुकानात जेवढी घेतली जाते तेवढीच इथे पुरते. दुकानाकडून इमिग्रेशन खात्याकडे यादी जाते ही अफवा आहे. परंतु दुकानात शिरल्यावर सवलतीसाठी मोबाइल क्रमांक मागतात आणि लोक तो देतात. मग सहा महिने त्या दुकानाचे संदेश येत राहतात. डेबिट कार्डाचा व्यवहार बँकेच्या उताऱ्यात राहतो. सर्वांत मोठा पुरावा माणूस स्वतःच्या हाताने तयार करतो: दुकानाच्या पाटीखाली काढलेला फोटो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकलेली चेष्टा, आणि खर्च वाटून घेताना स्प्लिटवाइजवर लिहिलेली ‘गमीज, चौघांत’ ही ओळ (गमी म्हणजे गांजाचा अर्क घातलेली जेलीची गोळी). सीमेवरच्या अधिकाऱ्यांना वॉरंटशिवाय फोन पाहण्याचा अधिकार आहे आणि ते तो वापरतात.

स्प्लिटवाइजवरच्या त्या ओळीत आणखी एक घोळ आहे. कोलोरॅडोत एकवीस वर्षांवरील माणसाला मोबदला न घेता गांजा देता येतो. पैसे घेतले की ती विनापरवाना विक्री होते. नागरिक मित्राने सर्वांच्या वतीने खरेदी करून नंतर प्रत्येकाकडून वाटा घेतला, तर त्याचे स्वतःचे निर्धोक प्रकरणही निर्धोक राहत नाही. आणि केंद्रीय कायद्यात मोबदला न घेता दिलेला मालही वाटपच समजला जातो.

आता एकट्या नागरिक मित्रासाठी दुकानाची माहिती देतो. दाराशी बसलेला माणूस मूळ ओळखपत्र तपासतो. फोनमधला फोटो चालत नाही आणि मुदत संपलेले ओळखपत्रही चालत नाही. टेक्सासचे ड्रायव्हिंग लायसन्स चालते. परराज्यातल्या माणसाला पूर्वी इथे एका वेळी पाव औंसच मिळत असे. २०१६ मध्ये तो भेद रद्द झाला. आता एकवीस वर्षांवरील कोणालाही दोन औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे ५६ ग्रॅम, माल जवळ बाळगता येतो. सर्वच राज्यांनी असे औदार्य दाखवलेले नाही. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० रोजी विक्री सुरू झाली तेव्हापासून रहिवाशाला ३० ग्रॅम फुले आणि पाहुण्याला त्याच्या निम्मी, १५ ग्रॅम, अशी मर्यादा आहे. खाद्यपदार्थांतही रहिवाशाला ५०० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आणि पाहुण्याला २५०. त्यामुळे शिकागोत राहणाऱ्या भावाचा अनुभव डेन्व्हरला लागू करू नये आणि डेन्व्हरचा न्यूयॉर्कला तर मुळीच नाही. न्यूयॉर्कमध्ये पहिले परवानाधारक दुकान २०२२ च्या डिसेंबरअखेरीस उघडले, त्याच्या आधी आणि नंतरही विनापरवाना दुकानांचा तिथे सुळसुळाट झाला. म्हणून तिथे दाराच्या काचेवर राज्याचा क्यूआर कोड असलेले पडताळणीचे पत्रक आहे की नाही ते आधी पाहावे लागते.

पैशांचे म्हणाल तर रोकड न्यावी. बँका केंद्रीय कायद्याला बांधलेल्या असल्याने क्रेडिट कार्ड जवळपास कुठेच घेत नाहीत. काही दुकाने डेबिट कार्ड एटीएमसारखे वापरून वरचे सुटे परत देतात. फलकावरच्या किमतीवर कर वेगळा असतो: राज्याचा खास विक्रीकरच १५ टक्के आहे आणि स्थानिक कर त्याहून निराळा, तेव्हा शेवटचा आकडा पाहून दचकू नये.

काउंटरवर मालाचे तीन प्रकार दिसतील: फुले, व्हेप (वाफ करून ओढायचा अर्क) किंवा तत्सम अर्क, आणि खाद्यपदार्थ. पहिल्यांदा येणारे बहुतेक पाहुणे धूर नको म्हणून खाद्यपदार्थ निवडतात, आणि त्रासही सर्वांत जास्त त्यांनाच होतो. कोलोरॅडोत एका मात्रेत १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आणि एका पाकिटात १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी ठेवता येत नाही. लेबलवर हे दोन्ही आकडे छापलेले असतात, आणि घाईत वाचणारा त्यांची गल्लत करतो. धूर ओढला तर काही मिनिटांत कळते. खाल्लेला पदार्थ यकृतातून जाऊन अधिक तीव्र रूपात रक्तात उतरतो आणि त्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. पाऊण तास काहीच झाले नाही म्हणून दुसरी आणि मग तिसरी गमी खाणारा माणूस रात्री अकराला छातीत धडधडते म्हणून रुग्णालयात पोहोचतो. होळीला किंवा महाशिवरात्रीला कधी भांग घेतलेल्यांना हा उशीर ओळखीचा असतो, पण तेवढ्यावरून आपल्याला सवय आहे असे ठरवू नये. नवख्याने अडीच मिलिग्रॅम, फार तर पाच, घेऊन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे आणि त्याबरोबर मद्य घेऊ नये. घरात लहान मूल असेल तर पाकीट कुलपात हवे. कोलोरॅडोत प्रत्येक गमीवर टीएचसी आणि उद्गारवाचक चिन्ह असलेला ठसा असतो, पण अक्षरओळख नसलेल्या मुलाला तो खाऊच वाटणार.

खरेदी झाल्यावर ते वापरायचे कुठे, हा पाहुण्यांचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. रस्ता, बाग, हॉटेलच्या बाहेरचा फुटपाथ ही सार्वजनिक ठिकाणे असल्याने तिथे मनाई आहे. बहुतेक हॉटेले आत धूम्रपान करू देत नाहीत आणि खोलीत वास आला तर सफाईचा घसघशीत आकार लावतात. भाड्याच्या गाडीत तर विचारच नको: वाहनात उघडलेले पाकीट ठेवणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि चालकाच्या एक मिलिलिटर रक्तात पाच नॅनोग्रॅम टीएचसी आढळले तर तो नशेत होता असे अनुमान ज्युरीला काढता येते. डेन्व्हरमध्ये वापरासाठी परवाना दिलेल्या मोजक्या जागा आहेत, काही घरमालक तशी मुभा देतात. आरक्षणाआधी लेखी विचारून घ्यावे.

तुमच्या गटाचा बेत एस्टेस पार्कमार्गे रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात जाण्याचा आणि मग ब्रेकेनरिजला बर्फावर घसरण्याचा असेल, तर इथेच थांबून वाचा. राष्ट्रीय उद्यान ही केंद्राची जमीन आहे. डोंगरावरची स्की-मैदाने बव्हंशी राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर आहेत. तिथे कोलोरॅडोची घटनादुरुस्ती लागू नाही. खिशातल्या एका गमीलाही केंद्रीय कायदा लागतो, ज्यात पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद आणि किमान १,००० डॉलर दंड आहे. प्रत्यक्षात रेंजर बहुतेकदा दंडाची चिठ्ठी देतो. पण ती चिठ्ठी केंद्रीय न्यायालयाची असते.

याच ठिकाणी तिघांसाठी एक सूचना करतो, आणि संपूर्ण उत्तरातली हीच सूचना मी सर्वांत आग्रहाने देतो. सार्वजनिक ठिकाणी गांजा ओढल्याबद्दल कोलोरॅडोत शंभर डॉलरपर्यंत दंड आणि काही तासांची समाजसेवा एवढीच शिक्षा आहे. माणूस ती चिठ्ठी पार्किंगच्या दंडासारखी समजतो, गुन्हा मान्य असल्याच्या रकान्यात खूण करतो, पैसे भरतो आणि मोकळा होतो. इमिग्रेशन कायद्याच्या व्याख्येत मात्र गुन्ह्याची कबुली आणि त्यावर कोणतीही शिक्षा एवढे झाले की दोषसिद्धी पूर्ण होते; शिक्षा पुढे ढकलून नंतर प्रकरण बंद केले आणि राज्याच्या लेखी काहीच उरले नाही तरीही. माझ्याकडे असे विद्यार्थी आले आहेत ज्यांनी शहरातल्या बागेतली चिठ्ठी आईवडिलांना कळू नये म्हणून त्याच आठवड्यात भरून टाकली आणि दोन-तीन वर्षांनी मुंबईच्या वकिलातीत व्हिसाचा शिक्का घ्यायला गेल्यावर त्यांना ती पुन्हा भेटली. चिठ्ठी मिळाली तर भरू नका, सही करून गुन्हा मान्य करू नका, तारीख चुकवू नका, आणि फौजदारी व इमिग्रेशन दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला तो कागद दाखवा. पुष्कळदा सरकारी वकील गांजाचा उल्लेख नसलेल्या एखाद्या किरकोळ कलमावर तडजोड करायला तयार असतो. पैसे एकदा भरले की ही वाट जवळजवळ बंद होते.

परतीच्या रस्त्याविषयी. डेन्व्हरहून दक्षिणेला जाताना राज्याची हद्द संपण्याच्या आधी त्रिनिदाद नावाचे छोटे गाव लागते, आणि त्या गावाच्या मानाने तिथली गांजाच्या दुकानांची संख्या पाहिली की गिऱ्हाईक कुठून येते ते न सांगता कळते. तिथून रॅटनचा घाट चढून न्यू मेक्सिकोत उतरता. तिथे १ एप्रिल २०२२ पासून विक्री कायदेशीर आहे, पण कोलोरॅडोचा माल हद्द ओलांडून नेणे हा केंद्रीय गुन्हाच आहे. दोन्ही राज्यांत परवानगी असल्याने मधली रेषा पुसली जात नाही. क्लेटन मागे टाकून टेक्सलाइनला टेक्सासमध्ये शिरलात की डालहार्ट, अमॅरिलो आणि पुढे डॅलसपर्यंत सगळा मुलूख बंदीचा.

टेक्सासचा एक हिशेब नागरिक मित्रानेही नीट समजून घ्यावा. दोन औंसांपर्यंत फुले सापडली तर तो १८० दिवसांपर्यंत तुरुंगवासाचा, तुलनेने कनिष्ठ गुन्हा आहे. गमी किंवा व्हेप सापडले तर मात्र कायदा त्यांना गांजा न मानता अर्काच्या वेगळ्या, कडक गटात टाकतो, आणि त्यात वजन मोजताना शुद्ध टीएचसी न मोजता पूर्ण पदार्थ मोजतो. शंभर मिलिग्रॅमचे एक पाकीट घ्या. त्यात दहा गमी आहेत आणि साखर, जिलेटिन धरून प्रत्येकीचे वजन चार ग्रॅम आहे असे समजा. पाकिटावर एका ग्रॅमचा दहावा हिस्सा लिहिलेला आहे. टेक्सासच्या तराजूत ते चाळीस ग्रॅम भरते. चार ते चारशे ग्रॅम हा दुसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा आहे आणि त्याला दोन ते वीस वर्षे कैद आहे. प्रत्येक वेळी इतकी शिक्षा होते असे नाही, परंतु आरोपपत्र याच कलमाखाली येते आणि जामिनाची रक्कमही त्यावरूनच ठरते. तीस डॉलरचा उरलेला माल टाकून देण्याचे दुःख त्यापुढे काहीच नाही.

विमानाने जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. विमानतळावरचे सुरक्षा कर्मचारी गांजा शोधत नाहीत, पण सापडला तर पोलिसांना बोलावतात. डेन्व्हरच्या विमानतळाने आपल्या आवारात गांजा बाळगण्यावर बंदीच घातलेली आहे. लास व्हेगासच्या विमानतळावर माल टाकून देण्यासाठी हिरव्या पेट्या ठेवलेल्या दिसतील. त्यांचा उपयोग करावा.

नोकरीच्या बाजूने एक मुद्दा राहतो. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये असा निकाल दिला की, सुट्टीच्या वेळेत, राज्याच्या कायद्याला धरून गांजा वापरणाऱ्या कर्मचाऱ्यालाही मालक कामावरून काढू शकतो, कारण केंद्राच्या दृष्टीने ते कृत्य कायदेशीर नाही. कधीतरी घेणाऱ्याच्या लघवीतही अंश काही दिवस राहतात आणि नियमित घेणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे. ग्राहक कंपनी बदलताना नव्याने चाचणी होणाऱ्या कंत्राटी संगणक अभियंत्याची नोकरी गेली की एच-१बी फक्त साठ दिवसांच्या मुदतीवर येतो, आणि एच-४ वरच्या पत्नीचेही तेच.

आता आईवडिलांचे. दुकानात नुसते पाऊल टाकणे हा गुन्हा नाही, आणि पुण्याच्या एखाद्या निवृत्त गृहस्थाला हा प्रकार पाहण्याचे कुतूहल असणे मी समजू शकतो. तरी पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला मी नेणार नाही, कारण पुढच्या खेपेला त्यांच्याच फोनमधला तो फोटो पाहून अधिकाऱ्याने विचारले तर ‘आम्ही काही घेतले नाही’ हे त्यांना इंग्रजीत, एकटे असताना, पटवून द्यावे लागेल. खरी अडचण कुतूहलाची नसते, गुडघ्यांची असते. मैत्रिणीच्या सुनेने दिलेल्या सीबीडीच्या (याच वनस्पतीतल्या, नशा न आणणाऱ्या घटकाच्या) मलमाने गुडघा हलका झाला, तसे आम्हालाही आणून दे, अशी मागणी हमखास येते. हेम्पपासून, म्हणजे अत्यल्प टीएचसी असलेल्या याच वनस्पतीच्या वाणापासून, केलेले आणि ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी नसलेले मलम २०१८ च्या शेती कायद्यानुसार साध्या औषधाच्या दुकानातही मिळत आले आहे. गांजाच्या दुकानातले मलम त्या वर्गात येत नाही. पोटात घ्यायचे सीबीडी असेल तर रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसारख्या गोळ्यांचा परिणाम त्याने वाढू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नये.

यातले काहीही परतीच्या सामानात भारतात जाऊ नये. आपल्याकडच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने भांगेची पाने व्याख्येबाहेर ठेवली असली तरी फुले, राळ आणि त्यांच्यापासून केलेले मिश्रण आतच आहे, आणि परदेशातून आणणे हा बाळगण्याहून वेगळा गुन्हा आहे. वजनाच्या बाबतीत तर भारत टेक्सासच्याच वाटेवर आहे: हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये सांगितले की, अल्प आणि व्यापारी प्रमाण ठरवताना मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थाचे वजनही धरायचे. बँकॉकहून येणाऱ्या गांजामुळे मुंबई विमानतळावरचे सीमाशुल्क अधिकारी या मालाबाबत आधीच सावध झालेले आहेत. गमीचे पाकीट चॉकलेटांच्या पिशवीत चुकून गेले हे सांगण्याची वेळ सत्तरीच्या वडिलांवर येऊ नये यासाठी, घरात कोणी हे पदार्थ ठेवत असेल तर आईवडिलांच्या बॅगा भरताना खाऊची प्रत्येक पिशवी स्वतः उघडून पाहावी.